अप्पर-डिप्पर

आमच्या गाडीला मोतीबिंदू झालाय, हे निदान पहिल्यांदा मेहुण्यानं केलं. मेहुणा डॉक्टर नाही. मोंढ्यात खताच्या दुकानात बसतो. पण परभणीत निदान करायला डॉक्टर असावं लागत नाही, समोर उभं राहिलं की पुरतं. गाडीच्या तोंडापुढं उकिडवं बसून त्यानं दोन्ही हेडलाईटांत आळीपाळीनं टक लावून पाहिलं, नखानं टकटक केलं आणि गुडघे झटकत उठला.

"दाजी, पडदा आलाय. दोन्हीवर."

"म्हणजे?"

"म्हणजे रात्री देवाच्या भरवशावर चालवायलाव तुम्ही."

यात तसं नवीन काही नव्हतं. गंगाखेड रोडवर रात्री गाडी चालवणारा प्रत्येक जण देवाच्याच भरवशावर असतो. उसाचं गाळप सुरू झालं की उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत या रस्त्यानं ट्रॅक्टरांची रांग. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या आणि दोन्ही अंगांना हातभर बाहेर आलेला ऊस. मागं लाल दिवा असतो का? असतो ना. पहिल्या ट्रॉलीला असतो. तिच्या मागं दुसरी जोडली की तो दोन ट्रॉल्यांच्या मधल्या बोळीत एकटाच लुकलुकत बसतो. गाणं मात्र पार मागच्या टिपरापर्यंत ऐकू जाईल इतक्या जोरात लावलेलं असतं. त्यामुळं आम्ही हिवाळ्यात कानानं गाडी चालवतो. लांबून ढोलकी ऐकू आली की पाय सैल करायचा, गाण्याचे शब्द कळायला लागले की ब्रेक.

त्या जानेवारीत मात्र गाणं नसलेली म्हैस आडवी आली. काळी म्हैस, काळं डांबर, काळी रात्र. बायको म्हणाली, "अहो, म्हैस."

"कुठंय?"

"बॉनेटला नाक लावून उभीय."

ब्रेक मारला, अप्पर मारला, डिप्पर मारला. म्हशीनं पापणीसुद्धा हलवली नाही. उलट माझ्या दिव्यांकडं तिनं असं पाहिलं, की रॉकेलची चिमणी घेऊन पंगतीत वाढायला आलेल्या माणसाकडं पाहावं. मग ती सावकाश बाजूला झाली. भीतीनं नाही, कीव येऊन.

घरी आल्यावर बायकोनं सुचवलं, आधी स्वतःचे डोळे तपासून या. आलो. लांबचं सगळं ठणठणीत निघालं. म्हणजे दोष गाडीचा. संसारी पुरुषाला याहून मोठा दिलासा नसतो.

"मग मिस्त्रीला दाखवा," ती म्हणाली.

"मिस्त्री काय करणार? तेच, जे मी घरी करीन."

बायको काही बोलली नाही. फक्त कूलरकडं पाहिलं. कूलर मागच्या उन्हाळ्यात मीच दुरुस्त केला होता. तेव्हापासून तो खोलीतली थंड हवा बाहेर फेकतो.

मूळ भानगड अशी, की पूर्वीच्या फियाट-अम्बॅसडरचे दिवे काचेचे असायचे. दगड लागला तर फुटायचे, पण म्हातारे व्हायचे नाहीत. पुढं पॉलिकार्बोनेट नावाचं प्लॅस्टिक आलं. ते सहसा फुटत नाही, पण उन्हानं पिवळं पडतं. त्यावर वरून एक पातळ थर दिलेला असतो, तो आधी करपतो आणि मग खालचं उघडं पडतं. आमची गाडी २०१० ची, एमएच २२. दारातल्या लिंबाखाली तिनं चौदा उन्हाळे काढलेत. लिंबाची सावली सकाळी शेजारच्या गुरुजींच्या पत्र्यावर पडते आणि दुपारी रस्त्यावर. आमच्या गाडीवर त्याचं फक्त बाकीचं पडतं. पाला, निंबोळ्या आणि कावळे करतात ते. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकला की आम्ही माणसं माठाला मिठी मारून बसतो; गाडीनं कुणाला मारावी?

गल्लीत बातमी पसरली. पहिला उपाय बिनखर्ची होता: टूथपेस्ट. तिच्यात घासणारी बारीक पूड असते, त्यामुळं वरचा पिवळेपणा थोडा निघतो, हे खरंच आहे. रविवारी पहाटे मी दोन्ही दिवे फेस येईपर्यंत घासले. गुरुजी हात पाठीमागं बांधून बघत होते.

"कोणती पेस्ट?"

"घरातलीच."

"मीठवाली घ्यायची होती," गुरुजी म्हणाले. "हिरड्या मजबूत राहतात."

घरात आई ब्रश हातात घेऊन उभी होती. "पेस्ट कुठाय रे?"

"गाडीला लावली."

"दात आलेत का तिला?"

तीन आठवडे गाडीच्या तोंडाला पुदिन्याचा वास आला. चौथ्या आठवड्यात पिवळेपणा परत. मग कुणी सांगितलं, पॉलिश पेपर. आठशे नंबर, मग हजार, मग दोन हजार, पाणी मारत मारत, बारकाईनं. माझ्याकडं दाराला रंग देतानाचा एक उरला होता, एकशेवीस नंबरचा. आकड्यांनी काय एवढा फरक पडतो, असं वाटलं. पडतो. पिवळा मोतीबिंदू गेला आणि पांढरा आला.

इथंच थांबायला हवं होतं. पण सुट्टीला पुण्याहून भाचा आला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे ज्ञान पूर्ण झालंय, पदवी तेवढी राहिलीय. त्यानं दिव्यांकडं पाहून नुसतं च् केलं.

"मामा, घासता काय? कस्टमाइज करा. आतलं सगळं ब्लॅक, बाहेरून एंजल आय, आणि एलईडी. घरीच होतं. व्हिडिओ बघा."

एंजल आय म्हणजे दिव्याच्या भोवतीचं ते गोल कडं. बीएमडब्ल्यूनं २००० साली आपल्या फाइव्ह सिरीजला ते आणलं आणि तेव्हापासून जगातल्या प्रत्येक जुन्या गाडीच्या मालकाला वाटतं, की कडं लावलं की आपलीही बीएमडब्ल्यू होते. मलाही वाटलं. मी आठ दिवस व्हिडिओ पाहिले. त्यात एक गोरा माणूस स्वच्छ हातांनी, स्वच्छ टेबलावर, अकरा मिनिटांत हेडलाईट उघडून मिटतो. त्याला मध्येच कुणी दळण आणायला पाठवत नाही.

बल्ब आणायला स्टेशन रोडवरच्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं काउंटरवर डबा असा ठेवला, की शालूची घडी उलगडावी.

"दोनशे वॅट. वीस हजार ल्युमेन. जर्मन टेक्नॉलॉजी."

आमच्या जुन्या एचफोर बल्बचा डिप्पर जेमतेम हजार ल्युमेनचा. म्हणजे वीसपट. शिवाय जर्मन म्हटल्यावर परभणीचा माणूस घासाघीस करत नाही. जगात जर्मनी, भारतात परभणी, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर प्यालोय. का म्हणतात ते कुणी विचारत नाही. जर्मनीलाही ते ठाऊक नसावं. घरी येऊन डबा उलटा केला तर खाली मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत मेड इन चायना. म्हणजे जगात जर्मनी, भारतात परभणी आणि डब्यात चीन.

हेडलाईट काढायचा तर आधी बंपर काढावा लागतो, हे व्हिडिओवाल्यानं सांगितलं होतं. बंपर काढायचा तर जमिनीवर उताणं पडावं लागतं, हे त्यानं सांगितलं होतं. पण फरशी मे महिन्यातली आहे, हे त्याला माहीत नव्हतं. मी पाठ टेकवली आणि तव्यावरच्या थालीपिठासारखा दोनदा उलटलो. मेहुणा स्क्रू मोजून डब्यात टाकत होता. खोलताना अकरा निघाले. लावताना तेरा झाले.

स्क्रू उरतात हे ऐकलं होतं. वाढतात हे नव्हतं. रात्री उलगडा झाला. स्क्रूचा डबा तोच होता, ज्यात कूलरचे ठेवले होते. साडेबाराच्या सुमाराला कूलर थरथरत खोलीच्या मध्यापर्यंत चालत आला आणि आईच्या खाटेपाशी थांबला.

आता हेडलाईट उघडणं. काच आणि मागचा डबा यांच्यामध्ये काळा चिवट डिंक भरलेला असतो. तो गरम करून मऊ करायचा. व्हिडिओवाला त्यासाठी हेडलाईट ओव्हनमध्ये ठेवतो. आमच्याकडं ओव्हन आहे, पण त्यात केक मावतो, हेडलाईट नाही. शिवाय ज्यात नानकटाई होते त्यात गाडीचा अवयव भाजायचा, हा विषय काढायलाच हिंमत लागते. मी काढला. बायको म्हणाली, "ठेवा. मग जेवायलाही गॅरेजातच जा."

तेव्हा सुचलं, ओव्हन कशाला? वर गच्ची आहे की! सकाळी दहाला दोन्ही हेडलाईट गच्चीवर नेऊन ठेवले. तिथं आईच्या कुरडया, बटाट्याचे पापड आणि शेवया आधीच धोतरावर पसरलेल्या होत्या. दुपारी शेजारच्या काकू त्यांच्या गच्चीवरून वाकून बघायला लागल्या.

"हे काय घातलंय हो वाळवण?"

"लाईट," आई म्हणाली.

"तळून खायचे का नुसते?"

तीन वाजता डिंकाला हात लावला. नुसता कोमट. मग मुलीचं केस वाळवायचं यंत्र आणलं, वायर जिन्यातून ओढली आणि चाळीस मिनिटं काठाकाठानं फुंकत बसलो. अखेर डिंक पाघळला. पाघळला म्हणजे काय? तिळगुळाचा पाक बिघडल्यावर जसा तार सोडतो तसा. काच ओढली की तार, हात मागं घेतला की तार, तार तोडायला दुसरा हात घातला की त्यालाही तार. त्यातली एक माझ्या मिशीला, एक पापडाला आणि एक थेट जिन्यापर्यंत. पुढं आषाढात ते पापड तळले, तेव्हा प्रत्येकाच्या तुकड्यात थोडी थोडी गाडी होती.

पण उघडलं! आत आरसा काय चकचकीत होता. त्यावर जराशी धूळ होती. ती पाहिली आणि माझ्यातला स्वच्छतेचा भोक्ता जागा झाला. मी बनियन काढलं, टोक ओलं केलं आणि आरसा मायेनं पुसला.

हेडलाईटच्या आतल्या आरशाला कधी हात लावू नये. त्याच्यावर ॲल्युमिनियमचा इतका पातळ मुलामा असतो, की फुंकर सोसते, फडकं सोसत नाही. हे मला आता माहीत आहे. तेव्हा एवढंच दिसलं, की बनियन चमकायला लागलंय आणि आरसा स्टीलच्या जुन्या तांब्यासारखा करडा पडलाय.

"बरंच झालं," भाचा म्हणाला. "तसंही ब्लॅक करायचं होतं."

मग काळा रंग मारला, कडी चिकटवली, बल्ब बसवले. हॅलोजनमध्ये डिप्परच्या तारेखाली एक बारकी वाटी असते. उजेड आरशाच्या अर्ध्याच भागावर पडावा, वर उडू नये, ही सगळी तिची करामत. एलईडीमध्ये तीच गोष्ट चिपा नेमक्या डाव्या-उजव्या अंगाला बसल्या तर साधते. मी वर-खाली बसवल्या. बसल्या ना घट्ट, मग झालं.

चाचणी कायदेशीर व्हावी असा माझा आग्रह होता. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १०६ वा नियम सांगतो, की दिव्यापासून आठ मीटरवर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील, त्याला उजेड खुपता कामा नये. आम्ही सगळ्यांची उंची मोजली. मेहुण्याचे डोळे फार वर. भाच्याचे मोबाईलमध्ये. बरोबर दीड मीटरवर एकाच व्यक्तीचे निघाले. कायद्यानं कल्पिलेला माणूस म्हणजे साक्षात आमची आई! टेपानं आठ मीटर मोजून तिला गुरुजींच्या फाटकापाशी उभं केलं. रात्रीचे साडेदहा झाले होते.

"आई, तयार?"

"लाव रे बाबा, दूध विरजायचंय."

लावला.

पहिल्यांदा कावळे उठले. उजेडाचा लोट रस्ता सोडून सरळ लिंबाच्या शेंड्यात शिरला होता आणि पान न् पान मोजता येत होतं. मग मागच्या वस्तीतला कोंबडा आरवला. मग फाटक वाजलं आणि गुरुजी कानटोपी घालून, काठी घेऊन फिरायला निघाले. "आज लवकर उजाडलं," असं म्हणत ते कोपऱ्यापर्यंत गेलेसुद्धा. रस्त्यावर, गाडीच्या पुढच्या दहा फुटांत, मिट्ट काळोख.

"आई, डोळ्यांना त्रास होतोय का?"

"कुणाच्या?"

"तुझ्या."

"मला डोळे आहेत का तेच कळंना झालंय."

मेहुण्यानं तिचा हात धरून घरात नेलं. मी म्हटलं, जरा सेटिंग राहिलंय. आणि दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी गाडी घेऊन बाहेर पडलो, कारण केलेलं लोकांना दाखवलं नाही तर करायचं कशाला?

लोकांनी पाहिलं. ती निळसर कडी दिवसाउजेडीही पेटलेलीच राहत, कारण त्यांची वायर मी कुठं जोडलीय हे मला नीट आठवत नव्हतं. त्यामुळं शिवाजी चौकापासून जिंतूर रोडपर्यंत परभणीतला प्रत्येक सज्जन मला पाहून बोटं उघडमीट करत होता. दिवसा दिवा चालू राहिलेला माणूस दिसला, की आपल्याकडं लोकांना आतून उमाळा येतो. नव्या दुचाक्यांचे दिवे १ एप्रिल २०१७ पासून कायद्यानंच कायम चालू असतात, बंद करायला बटणच नसतं. तरी आजही आमचे गुरुजी येणाऱ्या प्रत्येक मोटरसायकलला थांबवून सांगतात. तारीख १ एप्रिल होती, त्यामुळं त्यांना ते अजून खरं वाटलेलं नाही.

अंधार पडल्यावर सज्जनांची जागा दुसऱ्यांनी घेतली. समोरून येणारी प्रत्येक गाडी अप्पर-डिप्पर मारायला लागली. एका ट्रकवाल्यानं तर हेल्परला बाहेर लोंबकळवून माझ्या घराण्याची चौकशी केली. मला त्याचा राग आला. माझा मुद्दा साधा होता. रस्त्यावर दोनच प्रकारचे दिवे असतात: आपले, ते कमी पडतात, आणि समोरच्याचे, ते जास्त होतात.

परत येताना एका वरातीत अडकलो. वरातीला माझा अडथळा व्हावा ना? झालं उलटंच. निळी कडी, काळं तोंड, आभाळात गेलेला झोत. पोरांना वाटलं डीजेची गाडी आली. घोडा बाजूला घेतला, मला मध्ये घेतलं आणि माझ्यापुढं नाच सुरू झाला. मी हॉर्न वाजवला की ते ठेका धरायचे. एका मावशींनी वायपरखाली दहाची नोट खोचली. नवरदेवाचा मामा खिडकीशी येऊन ओरडला, "ओ मास्टर, आवाज कुठाय?" मी कसनुसा हसून रेडिओ लावला. त्यावर कृषी विद्यापीठाच्या तज्ज्ञांचं सोयाबीनच्या बीजप्रक्रियेवर भाषण चालू होतं. पोरं त्याच्यावरही दोन मिनिटं नाचली.

तिथून सुटलो तो चौकातल्या हवालदारापाशी. त्यांनी हात आडवा केला, दुसरा डोळ्यांवर धरला.

"काका, आधी ते विझवा. तुमचा चेहरा दिसंना, पावती कुणाच्या नावानं फाडू?"

विझवले. त्यांनी शांतपणे समजावलं, की कायद्यात २०१९ पासून नवं कलम आलंय. मालकानं गाडीत असा बदल केला, तर एका बदलाला पाच हजार. मी मनात हिशेब मांडला. बल्ब, कडी, आतला काळा रंग, गेलेला आरसा. वीस हजार. एवढे तर गाडी विकूनही आले नसते.

"या वेळी जाऊ द्या साहेब," मी म्हणालो.

"जाऊ दिलं असतं. पण कुठं जाणार? तुम्हाला रस्ता दिसतोय का?"

दिसत नव्हता. हे त्यांना कसं कळलं कुणास ठाऊक. पार्किंग लाईटवर, रांगत रांगत घरी आलो.

मृगाचा पहिला पाऊस झाला आणि नवीन प्रकरण निघालं. एलईडीच्या ढुंगणाला पंखा असतो, त्यामुळं मागची रबरी टोपी बसत नाही. ती मी काढून ठेवली होती. डिंकही सगळीकडं सारखा बसला नव्हता. सकाळी पाहतो तर डाव्या हेडलाईटमध्ये तीन बोटं पाणी. गल्लीतली पोरं गोळा झाली. एकानं विचारलं, "काका, मासे कधी सोडणार?" दुसऱ्यानं न विचारता निंबोळी सोडली. ती आत कशी गेली, हे मला अजून कळलेलं नाही. आठवडाभरानं तिला मोड आला.

एकट्या आईनं त्या दिव्यांचा मान ठेवला. आषाढातल्या दिव्याच्या अवसेला तिनं समया, निरांजनं, कंदील सगळं घासून पाटावर मांडलं, कणकेचे दिवे केले आणि मला म्हणाली, "तुझेही आण."

"ते गाडीला आहेत."

"मग पाट तिकडं नेऊ."

तिनं गाडीपुढं रांगोळी घातली, हेडलाईटना हळदीकुंकू लावलं आणि जाता जाता म्हणाली, "घासायचेच होते, तर चिंचेनं घासायचे. माझी समई बघ, साठ वर्षांची आहे." त्याच दिवसाला गटारी असंही एक नाव आहे आणि मेहुण्याला तेवढंच ठाऊक आहे. तो रात्री आला, दिव्याच्या रांगोळीत बसला आणि गहिवरून म्हणाला, "दाजी, काही म्हणा, उजेड आहे बरं का तुमच्या गाडीला. वर का असंना."

नोव्हेंबरात गाडीला पंधरा वर्षं भरणार होती. पंधरा वर्षं झाली की आरटीओत नव्यानं पासिंग. त्या तोंडानं गाडी तिथं नेणं म्हणजे आपण होऊन वीस हजार नेऊन देणं. शेवटी ज्या वाटेनं पहिल्या दिवशी जायचं होतं, त्या वाटेनं गेलो. गंगाखेड नाक्याजवळ एक म्हातारे मिस्त्री बसतात, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी माझ्याकडंच बराच वेळ पाहिलं.

"ये कायकू खोले साब?"

"उजेड कमी होता, चाचा."

"तो?"

या 'तो'ला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

भंगारातून त्याच गाडीचे जुने दोन हेडलाईट त्यांनी मिळवले. त्यांच्यावरही पडदा होता. चाचांनी तीन कागद काढले: आठशे, हजार, दोन हजार. पाणी मारत, एकाच दिशेनं, हळूहळू, नातवाला अंघोळ घालावी तसे दोन्ही घासले. नवा हॅलोजन बसवताना त्याच्या काचेला बोट लागू दिलं नाही. बुडाशी कागदात धरून अलगद आत सोडला. बोटाचं तेल लागलं तर तिथंच तापून बल्ब जातो म्हणे. मग दिवा लावला. उजेड पडला, पण मिणमिणताच. मला मनातून बरं वाटलं. म्हणजे मी म्हणत होतो ते अगदीच खोटं नव्हतं.

चाचा काही बोलले नाहीत. बॅटरीच्या अंगाला वाकून त्यांनी चाचपडलं आणि पत्र्याला आवळलेली एक काळी वायर बोटानं हलवली. दिवा लुकलुकला. दहा नंबरच्या पान्यानं बोल्ट काढला. खाली वायरीच्या कडीला हिरवट-पांढरा चुरा धरला होता, चुन्याच्या डबीच्या तोंडाला धरतो तसा. त्यांनी चाकूनं तो खरवडला, पत्रा चकाकेपर्यंत कागद फिरवला, बोल्ट परत आवळला. आणि समोरच्या पत्र्याच्या शटरवर उजेडाचा एक सरळ, पिवळा, शहाणा पट्टा उमटला. वरची कड पट्टीनं आखल्यासारखी.

"अर्थ नै था साब."

"कशात?"

"वायर में," चाचा म्हणाले. मग जमिनीवर पडलेले माझे काळे हेडलाईट, कडी आणि जर्मन डबा यांच्याकडं एकदा पाहून त्यांनी जोडलं, "और इसमें भी."

वायरीचे वेगळे पैसे घेतले नाहीत. चहा सांगा म्हणाले.

पासिंग झालं. एलईडी मात्र घरात पडून होते आणि बायको त्यांच्याकडं कूलरकडं बघावं तसं बघायची. अशात मेहुणा आला. त्यानं नुकतीच जुनी जीप घेतली होती. "फेकताय कशाला दाजी, मी लावतो की. तुमचं बसवणं चुकलं होतं." मी लगेच दिले. डब्यासकट.

परवा रात्री गंगाखेडहून येत होतो. गार हवा, उसाचा वास, दिवे अगदी झकास. मैलाचा दगड वाचता येत होता. दोन ट्रॉल्या मागं टाकल्या, दोन्हींवर एकच गाणं चालू होतं. आणि समोरून कुणी तरी आला. पांढरा, निळा, डोंगराएवढा उजेड. मला रस्ता दिसेना, स्टिअरिंग दिसेना. मी डिप्पर मारला. तो तसाच. पुन्हा मारला, चार वेळा मारला. तो आपला अप्परवरच. गाडी कडेला घेऊन थांबवली आणि काच खाली करून, ट्रकवाल्याच्या त्या हेल्परकडून शिकलेलं सगळं एका दमात म्हणून टाकलं. तो सर्रकन निघून गेला. डोळ्यांपुढची हिरवी-जांभळी वर्तुळं विरतात न विरतात तोच फोन वाजला. मेहुणा.

"दाजी, जागे हाव ना? आताच एक येडा भेटला रस्त्यात. डिप्परवर डिप्पर, डिप्परवर डिप्पर. लोकायला दुसऱ्याचा उजेड बघवतच न्हाई बघा."

"तुला रस्ता दिसतोय का रे?"

"झाडं दिसायलीत."

"मग काच खाली घे," मी म्हटलं. "पुढं दोन ट्रॉल्या आहेत. गाण्याकडं लक्ष दे. शब्द कळायला लागले, की ब्रेक मार."